ताटीबाहेर कोण उभं आहे?



पावसाळा सरत आला की आपल्याकडे दोन गोष्टींची लगबग असते. एक गणपतीची आणि दुसरी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. बॅग, गादी, बादली आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन हजारो मुलंमुली पुण्या-मुंबईत, नागपूर-नाशकात उतरतात. त्यांतली काही आपल्याच सोसायटीत कॉट बेसिसवर राहतात, काही मेसमध्ये आपल्या शेजारच्या टेबलावर जेवतात, काही आपलीच भाची-पुतणी असतात. म्हणून आज नेहमीचा क्रम सोडून मुक्ताईचे ताटीचे अभंग चिंतनाला घेतोय. नव्या ठिकाणी बुजून, दार लावून बसलेल्या माणसाशी कसं बोलावं, याचा इतका चांगला पाठ मला तरी दुसरीकडे सापडलेला नाही.

प्रसंग

परंपरा असं सांगते. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. त्यासाठी आळंदीने त्यांच्या घराला वाळीत टाकलं. पुढे आई-वडील दोघंही गेले. मागे राहिली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरं. "संन्याशाची पोरं" हे शब्द त्यांच्या रोजच्या कानावरचे. असंच एकदा कुणीतरी फार टोचून बोललं. ज्ञानदेव झोपडीत शिरले, त्यांनी ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले.

ताटी म्हणजे काटक्या-कामट्या विणून केलेलं झोपडीचं दार. त्या दाराबाहेर मुक्ताई येऊन उभी राहिली. चौघांत सगळ्यात धाकटी. ती दादाची समजूत काढते, थोडं दटावते, आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी तीच विनंती करते : दार उघड.

ज्ञानदेव म्हटलं की आपल्याला भिंत चालवणारे, गीतेवर नऊ हजार ओव्यांची टीका सांगणारे माउली आठवतात. त्या माउलींनाही एक दिवस जगाचं तोंड बघावंसं वाटलं नाही. आणि गंमत बघा, वारकऱ्यांनी हा प्रसंग झाकून ठेवला नाही. संतांच्या मोठेपणाला बाधा येईल म्हणून गाळला नाही. त्यावरचे अभंग ते पिढ्यान् पिढ्या गात आलेत.

पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगायची पहिली गोष्ट मला इथेच मिळते. दार लावून बसावंसं वाटलं म्हणजे आपण कमकुवत आहोत, असं नसतं रे. ज्ञानदेवांनाही वाटलं होतं.

आजची ताटी

एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. मराठवाड्यातल्या एका गावातला. वडील टेम्पो चालवतात. बारावीला, सीईटीला चांगले मार्क पडले. गावच्या चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला, "हार्दिक अभिनंदन" लिहून, खाली पंधरा जणांची नावं. कॅपच्या शेवटच्या फेरीत त्याला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. शेवटच्या फेरीतून येणाऱ्याची एक वेगळीच अडचण असते. तो येतो तोवर वर्ग सुरू होऊन काही दिवस झालेले असतात. कोण कुणाशेजारी बसणार हे ठरलेलं असतं. रूममधली खिडकीजवळची कॉट गेलेली असते. ग्राफिक्सच्या दोन शीट झालेल्या असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "वेलकम ब्रो" टाकतं आणि पुढच्या मिनिटाला वेगळाच विषय सुरू होतो.

दहावीपर्यंत तो संवेग, जडत्व, वर्गसमीकरण असं शिकला. अकरावी-बारावीत त्याने शब्द बदलून घेतले, पुस्तक वाचताना त्याला सगळं कळतं. पण साठ जणांच्या वर्गात उभं राहून इंग्रजीत शंका विचारणं ही वेगळी गोष्ट आहे. एकदा त्याने विचारली. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या उच्चाराची नक्कल केली. चार जण हसले. हसणारे दहा मिनिटांत विसरून गेले. याने मात्र त्या दिवसापासून हात वर केला नाही.

मग पहिली परीक्षा झाली. ३० पैकी ७. गावातला फ्लेक्स अजून उतरलेला नाही, आणि इथे ३० पैकी ७.

रात्री आईचा फोन येतो. "जेवलास का?" "हो." "अभ्यास कसाय?" "मस्त चाललाय." फोन ठेवला की इअरफोन कानात आणि पांघरूण डोक्यावर. मेसची वेळ टळून जाते, बिस्किटाच्या पुड्यावर भागतं. सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, मग दुसरंही. रूममेटला वाटतं, झोपाळू आहे. सरांना वाटतं, बेफिकीर आहे.

ही आजची ताटी. तिला कडी-कोयंडा नसतो, म्हणून ती लागलेली कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलींच्या हॉस्टेललाही हेच होतं, कारणं थोडी निराळी असतात. तिकडे कपड्यांवरून, रंगावरून, "एवढ्या साध्या गोष्टी माहीत नाहीत?" या सुरावरून ताटी लागते. प्रत्येक वेळी कुणी दुष्टपणे बोललेलं असतंच असंही नाही. कधी कधी महिनाभर कुणीच काही बोललेलं नसतं, आणि दार त्यानेही लागतं.

बाहेर उभी असलेली मुक्ताई

आता ताटीच्या दुसऱ्या बाजूला येऊ. मुक्ताई नेमकं काय करते, ते बघण्यासारखं आहे.

एक. ती धाकटी आहे. ज्ञानदेवांना समजावण्यासाठी परंपरेने कुणी मोठा पंडित पाठवलेला नाही. मोठे बंधू आणि गुरू असलेले निवृत्तीनाथ घरात असताना दाराशी उभी राहिली ती धाकटी बहीण. कारण त्या दिवशी ज्या शब्दांनी दादा दुखावला, तेच शब्द तीही रोज ऐकत होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला आधार द्यायला टॉपर, प्राध्यापक किंवा "मोटिव्हेशनल" वक्ता लागतो, असं आपण धरून चालतो. खरं तर त्याच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. मागच्या सप्टेंबरात तो याच मजल्यावर होता. कुठली मेस बरी, कुठले सर शंका विचारली की खूश होतात, लायब्ररीत पुस्तकाला नंबर कधी लावायचा, हे त्याला ताजं ठाऊक असतं. "मी अजून स्वतःच चाचपडतोय, मी कुणाला काय मदत करणार?" असं म्हणणाऱ्या सेकंड इयरच्या मित्रांनो, मुक्ताईचं वय आठवा.

दोन. झालेलं दुःख ती नाकारत नाही. "काही झालं नाही, तू उगाच मनाला लावून घेतोस" असं ती म्हणत नाही. लोकांचे शब्द शस्त्रासारखे लागतात, हे ती आधी मान्य करते. मग दादाला विचारते, की आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर आपण दात पाडून टाकतो का? हे लोकही आपलेच आहेत. जग रागाने पेटलं असेल तर आपण पाण्याच्या बाजूने उभं राहायचं. पण हा उपदेश येतो तो दुखलंय हे कबूल केल्यानंतर. आपण बहुतेक वेळा क्रम उलटा करतो. आधी तत्त्वज्ञान सांगतो आणि दुखलंय का हे विचारायचं राहूनच जातं.

तीन. ती ताटी मोडत नाही. काड्यांचं दार ते, एका धक्क्यात पडलं असतं. पण ते दादाने लावलंय आणि दादानेच उघडायचंय. ती आत घुसत नाही आणि निघूनही जात नाही. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे ना, तिथे उभं राहणं सगळ्यात अवघड. आपल्यापैकी काहीजण घुसतात : "चल, आज तुला पार्टीला नेतोच, लाजतोस काय मुलीसारखा!" आणि काहीजण निघून जातात : "मी एकदा विचारलं होतं, त्याला नकोय, आता मी काय करू?"

चार. ती परत परत हाक मारते. एका अभंगात दार उघडलं नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. दर वेळी विनंती तीच, पण आधीचं बोलणं नवं. कामावर आम्ही असंच काहीसं करतो. समोरच्या सिस्टिमने उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं, दर वेळी मधलं अंतर जरा वाढवायचं, म्हणजे आधीच दमलेल्या सर्व्हरवर भार पडत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच फेल्युअरला विंडो बंद करून टाकतो.

यावरून आमच्या हॉस्टेलचा एक सेकंड इयरवाला आठवतो. फार हुशार वगैरे नव्हता. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या फर्स्ट इयरच्या मजल्यावरून जायचा आणि प्रत्येक दारावर दोन टिचक्या मारून विचारायचा, "चहाला येतो का?" नको म्हटलं तर "बरं" म्हणून पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन टिचक्या. कालचं "नको" त्याने कधी मनात धरून ठेवलं नाही. पाचव्या की सहाव्या रात्री मी चप्पल घातली. टपरीवर आम्ही क्रिकेटवर बोललो, मेसच्या वरणावर बोललो. अभ्यासाचा विषय त्याने पहिल्यांदा काढला तो पंधरा दिवसांनी. तोवर मी त्याला "दादा" म्हणायला लागलो होतो. "सर म्हण" असं त्याने कधीच सांगितलं नाही. पुढे ताटीचे अभंग वाचताना मला मुक्ताईचा आवाज जरा त्याच्यासारखाच ऐकू यायचा.

पाच. दादा कोण आहे, याची ती त्याला आठवण करून देते. तू योगी आहेस, स्वतः तरून जाऊन तुला इतरांना तारायचंय, असं ती सांगते. एका वाईट दिवसावरून ती त्याची किंमत करत नाही. ३० पैकी ७ पडलेल्या मुलाला हेच हवं असतं. तो ७ मार्क म्हणजे मी नाही, हे त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

वाणीचं तप

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितलेत : शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. वाणीच्या तपात बोलण्याच्या चार कसोट्या येतात. बोलण्याने समोरच्याच्या मनात खळबळ होऊ नये, ते खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. चारही एकदम हव्यात, यात खरी मेख आहे.

"टेन्शन घेऊ नको रे, पेपर सोपा असतो, आपोआप होतं सगळं." हे गोड आहे, पण खरं नाही. एम-वन आपोआप सुटत नाही. "तुला हे झेपणार नाही, तू बी.एस्सी.लाच जायला हवं होतंस." हे बोलणाऱ्याला खरं वाटत असेल, पण ते गोडही नाही आणि हिताचंही नाही. मग चारही कसोट्यांवर उतरणारं वाक्य कसं असेल? काहीसं असं : "पहिल्या टेस्टला मलाही दणका बसला होता. हे सात मार्क कुठे पडले आणि तेवीस कुठे गेले ते उद्या संध्याकाळी बसून बघू. पेपर घेऊन ये."

यात "बसून बघू" महत्त्वाचं. मदत करणं आणि त्याचं काम आपण करून टाकणं यांत फरक आहे. ग्राफिक्सची आपली जुनी शीट त्याला दिली की तो काचेवर ठेवून, खालून दिवा लावून ती छापून घेतो. सबमिशन होतं, सही मिळते, पण परीक्षेत शेजारी काच नसते. त्याऐवजी खोडरबर टेबलावर ठेवा. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, तर वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली का येतं, हे खोडरबर हातात धरून दहा मिनिटं समजावा. एकदा ते डोक्यात बसलं की पुढच्या शीट तो स्वतः काढेल, आणि जानेवारीत दुसऱ्या कुणाला तरी समजावेल.

आणि जे "सर म्हण", "उभा राहा", "गाणं म्हण" करतात त्यांच्यासाठी : ओळख करून घेण्याच्या नावाखाली कुणाला लाजवणं हे वाणीच्या तपाच्या नेमकं उलट आहे. शिवाय तो गुन्हाही आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ज्याला त्रास होतोय त्याने यूजीसीच्या १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कधीही फोन करावा. पाण्याच्या बाजूने उभं राहणं म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणं, असा मुक्ताईच्या बोलण्याचा अर्थ कृपया कुणी काढू नका.

वार लावणं

आता जे माझ्यासारखे कॉलेज संपवून नोकरीला लागलेत त्यांच्यासाठी. "आम्ही तर हॉस्टेलला नाही, आम्ही कसली ताटी ठोठावणार?"

आपल्याकडे एक जुनी पद्धत होती, वार लावून जेवण्याची. शिकायला आलेला गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात वार, सात घरं. या पद्धतीला जातीच्या भिंती होत्या, हे खरंच आहे. त्या भिंतींपलीकडच्या मुलांसाठी मोठ्या मनाच्या माणसांना वेगळी दारं उघडावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह काढलं. तिथली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातून आलेल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे. महाराष्ट्रातली कितीतरी माणसं शिकली ती कुणीतरी त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं म्हणून.

आज मेस आहे, ॲपवरून जेवण येतं. उपाशी कुणी राहत नाही म्हणा. पण "अजून एक पोळी घे" म्हणणारं कुणी नसतं. आपल्या ओळखीत, सोसायटीत, गावाकडच्या नात्यात पहिल्या वर्षाला आलेलं कुणी असेल तर त्याचा एक वार लावून घ्या. महिन्यातून एक रविवार पुरे. त्याला वरण-भात वाढा. मार्क विचारू नका, प्लेसमेंटबद्दल तर मुळीच विचारू नका. जेवून झाल्यावर डबा भरून द्या. डबा परत करायच्या निमित्ताने तो पुन्हा येतो, हा आजीच्या पिढीचा साधा हिशोब आहे.

कंपनीत नवा माणूस आला की आम्ही त्याला एक "बडी" देतो. कॅन्टीन कुठे, प्रिंटर कुठला चालतो, रजेचा अर्ज कुणाकडे, हे सांगायला. पंचविशीतल्या, पगार घेणाऱ्या माणसाला आपण बडी देतो, आणि अठराव्या वर्षी पहिल्यांदा घर सोडलेल्याला म्हणतो, "आता मोठा झालास, बघ तुझं तू." एआयसीटीईने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम ठरवून दिलाय. त्यात विसेक मुलांच्या गटाला एक प्राध्यापक मार्गदर्शक असावा असं आहे. जिथे तो मनापासून होतो तिथे फार उपयोगी पडतो. पण ताटी लागते ती बहुतेक वेळा चौथ्या आठवड्यात, कार्यक्रम संपल्यावर. तेव्हा दाराशी कुणीतरी हवं.

ताटी मोडायची वेळ

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. मुक्ताईने ताटी मोडली नाही, हे खरं. पण आत बसलेल्याच्या जिवाला धोका असेल तर ही उपमा तिथेच सोडायची. कुणी कित्येक दिवस नीट जेवत-झोपत नसेल, आवडती वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर घरच्यांचे पैसे तरी वाचले असते" असं काही बोलत असेल, तर वाट बघत बसू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट विचारल्यावर बोलायला जागा मिळते. त्याला एकटं सोडू नका. रेक्टर, वॉर्डन, घरचे, कॉलेजचे समुपदेशक, ज्यांना सांगणं शक्य आहे त्यांना सांगा. "कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे" म्हटलं तरी सांगा. अशी शपथ मोडण्यात पाप नाही. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.

आणि आपण भक्तमंडळी हमखास जे बोलतो, ते तेवढं सांभाळूया. "नाम घे, सगळं ठीक होईल" एवढं सांगून सुटायचं नाही. नाम घ्यायचंच आणि डॉक्टरकडेही जायचं. पाय मोडला तर आपण हरिपाठ म्हणत म्हणत प्लॅस्टर घालून घेतोच की. मन दुखलं तर तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

आत बसलेल्या मित्रासाठी, मैत्रिणीसाठी

तू हे पांघरुणात फोन धरून वाचत असशील, तर थोडं तुझ्याशी.

तुझ्यात काही कमी आहे म्हणून तुला जड जातंय, असं नाही. भाषा, शहर, जेवण, मित्र, अभ्यासाची पद्धत, हे सगळं एकाच महिन्यात बदललंय. एवढं एकदम बदललं तर कुणालाही घेरी येईल. तुझ्या रूममेटलाही येत असेल, फक्त त्याची ताटी वेगळ्या रंगाची आहे. तो मोठमोठ्याने हसतो, एवढंच.

ताटी एकदम सताड उघडायची गरज नाही. एक फट पुरे. उद्या मेसमध्ये वेळेवर जाऊन जेव. लेक्चर संपल्यावर सरांकडे जा आणि शंका मराठीत विचार. वर्गात साठ जणांसमोर जमत नसेल तर दाराबाहेर एकट्याने जमेल. महाराष्ट्रातले बरेच शिक्षक मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर देतात, आणि विचारायला आलेला मुलगा त्यांच्या लक्षात राहतो. आईला रोज सगळं सांगू नकोस हवं तर, पण आठवड्यातून एकदा एक खरं वाक्य सांग. "आई, जरा जड जातंय." ती घाबरेल थोडी. पण "मस्त चाललंय" ऐकून तिला जो संशय येत असतो ना, त्यापेक्षा ते बरं. आईला आवाजावरून कळतंच.

फ्लेक्सचं म्हणशील, तर तो पावसात कधीच फाटलाय. गावातले लोक आता दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बघतायत. तुझ्या सात मार्कांवर नजर ठेवून बसायला कुणाला वेळ नाही. आणि एखाद्या विषयाची एटीकेटी लागली तरी जग बुडत नाही. आज माझ्या आजूबाजूला कोड लिहीत बसलेल्यांपैकी कितीजण ती घेऊन आलेत, हे विचारलं तर अर्धी टीम हसायला लागेल.

आजचा नेम

ताटीचे अभंग गाथेत शोधून सावकाश वाचा. मोठ्याने वाचलेत तर आणखी बरं, कारण ते बंद दारातून आत पोचावेत म्हणून म्हटलेले आहेत. वाचून झाल्यावर एक नाव मनात आणा. यंदा पहिल्या वर्षाला आलेलं, ओळखीतलं एक नाव. आज त्याला फोन करा, मेसेज नको. त्याने उचलला नाही तर उद्या करा. उद्या नाही उचलला तर परवा. उचलला की एवढंच विचारा, "रविवारी जेवायला येतोस का?"

ज्या ज्ञानदेवांना लोक वाट्टेल ते बोलले, त्यांनीच ज्ञानेश्वरीच्या शेवटी देवाकडे दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावो आणि सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र जडो, असं मागितलं. ते मैत्र आकाशातून पडत नाही. कुणीतरी बाहेर उभं राहून हाक मारतं आणि कुणीतरी आतून कडी काढतं, तेव्हा ते जडतं. यंदाच्या सत्रात आपल्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी दार येवो, आणि तिथे उभं राहायचा धीरही येवो, एवढंच माउलींच्या पायाशी मागणं.

राम कृष्ण हरी.